तिवरांवरची चादर

बोटीच्या कंपनीनं दोन तिकिटं फुकट पाठवली, तेव्हा हुसेनसाबांनी ती आधी उलटी करून पाहिली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चाळीस वर्षं चादरींच्या मागांवर जॉबर म्हणून, माग लावत आणि दुरुस्त करत काढलेला माणूस कुठलीही गोष्ट मागच्या अंगानंच बघायला लागतो. पुढचं अंग गिऱ्हाइकासाठी असतं. तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत तीन गोष्टी छापल्या होत्या. तिकीट दुसऱ्याला देता येणार नाही. मद्य जेवणात धरलेलं नाही. आणि समुद्राच्या वागणुकीला कंपनी जबाबदार नाही.

पहिल्या दोन गोष्टींशी हुसेनसाबांचं काही भांडण नव्हतं.

बोट लहान होती. वीस प्रवासी, चार दिवस, दक्षिण कोकणातल्या खाड्या, कांदळवनं, मसाल्याच्या बागा, पक्षी. माहितीपत्रकावर टोप्या घातलेलं एक जोडपं दुर्बिणीतून कशाकडं तरी बघून पोट धरून हसत होतं. पक्ष्यांत एवढं हसण्यासारखं काय असतं, याचा खुलासा पत्रकात नव्हता. याच बोटीच्या भटारखान्यात हुसेनसाबांचा एकुलता एक पोरगा ताबीश स्वयंपाकी होता. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, तो किनाऱ्यावरच्या बागेतून भाजी घेऊन होडीनं बोटीकडं परतत होता. खाडीत वाऱ्याचा एक झपाटा आला आणि होडी उलटली. होडीवाला पोहून बाहेर निघाला. ताबीश सोलापूरचा. सोलापुरात माणूस पाणी साठवायला शिकतो, पोहायला नाही. गावकऱ्यांनी आठवडाभर शोधलं. तो सापडला नाही.

पोराच्या आईबापांना ती जागा बघावीशी वाटत असेल, हे कंपनीला दोन वर्षांनी जाणवलं. फेब्रुवारीच्या एका फेरीत दोन जागा रिकाम्या राहतायत, हेही त्याच सुमारास जाणवलं असावं. बोटीच्या मॅनेजरचा फोन मोठा अदबीचा होता.

"फक्त एक रिक्वेस्ट होती, काका. बाकीच्या गेस्टना यातलं काही... म्हणजे, ते सुट्टीवर आलेले असतात ना."

"न्हाय सांगणार," हुसेनसाब म्हणाले. वर "थँक्यू"ही म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांना कळेना, की आपण आभार नेमके कशाचे मानले.

आता कमरबीचं. पोरगा गेल्याची खबर आली त्या दिवसापासून हुसेनसाबांची बायको एकदाही रडली नव्हती. लोक भेटायला यायचे. ती त्यांना चहा द्यायची, त्यांच्याच लेकराबाळांची चौकशी करायची, आणि कुणी डोळ्याला पदर लावला की शांतपणे विचारायची, "काय झालं?" मोहल्ल्यातल्या चार बायका एकदा ठरवून आल्या, की हिला रडवायचंच. कमरबीनं त्यांना सांगितलं, "मयत दाखवा. मग रडते." बायका चहा पिऊन गेल्या. मग मौलवीसाहेब आले. म्हणाले, गेलेल्या माणसासाठी फातिहा पढायला कबर लागतेच असं नाही. कमरबी म्हणाली, "कबर नसली तर चालंल. पर पोरगं तर मेलेलं पायजे की." मौलवीसाहेबही चहा पिऊन गेले. त्या दोन वर्षांत त्या घरात चहा फार खपला.

रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ती ताबीशच्या नंबरवर फोन लावायची. पलीकडून एक बाई सांगायची, की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. "बघा," कमरबी म्हणायची. "न्हाय असं म्हणत न्हाय ती. बाहेर हाय म्हणती."

यावर बोलायला हुसेनसाबांना तोंडच नव्हतं, कारण त्या नंबरला ते स्वतः गुपचूप रिचार्ज मारत होते. नाही मारला आणि एखाद्या दिवशी ती बाई म्हणाली, की हा क्रमांक अस्तित्वात नाही, तर? विजापूर वेशीजवळचा रिचार्जवाला एकदा म्हणाला, "चाचा, ह्या नंबरवरनं कवाच फोन लागत न्हाय वाटतं. प्लॅन बदलून देऊ का?" हुसेनसाब म्हणाले, "हाय तो बरा हाय."

पण आतून त्यांना वेगळंच हवं होतं. फार नव्हे. एकदा, दोघांनी मिळून, हात उचलून पोरासाठी फातिहा पढायची. एकट्यानं त्यांनी करून पाहिलं होतं. मशिदीत एका कोपऱ्यात बसून हात उचलले, आणि पहिल्याच शब्दावर थांबले. आईला न सांगता तिच्या पोराला चोरून पुरतोय, असं काहीसं वाटलं. हात खाली घेऊन ते घरी आले आणि तिनं दिलेलं जेवले. ताबीशची थाळी शेजारी पालथी होती, कमरबी रोज मांडायची तशी. त्या दिवसापासून त्यांना रोज वाटायचं, की असंच चाललं तर आपण दोघंही एक दिवस मरून जाऊ, आणि पोराच्या नावानं हात उचलायला कुणीच उरणार नाही.

तिकिटं आली आणि त्यांनी ठरवलं, की हे तिथंच करायचं. आणि मोकळ्या हातानं जायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी, कारखान्यातले बाकीचे माग बंद असताना, त्यांनी एक माग चालू केला. दर्ग्यावर चढवायच्या साटिनच्या, जरीच्या झालरीच्या चादरी बाजारात ढिगानं मिळतात. पण जन्मभर सोलापुरी चादर विणणाऱ्यानं आपल्या पोराच्या अंगावर सुरतेचं कापड घालायचं, हे त्यांच्या मनाला येईना. सुती, जाड, हिरव्या आणि पांढऱ्या सुतातली चादर त्यांनी लावली. मदतीला बिरप्पा होता. तो अक्कलकोट रोडवरच्या एका खेड्यातून सायकलनं यायचा, त्यांच्याच हाताखाली माग चालवायला शिकला होता, आणि त्याला गप्प बसायची सवय नव्हती.

"मास्तर, मोराचं डिझाइन लावू?"

"कबरीवर मोर नाचवतो का रे?"

"मग फुलं तरी मोठी घ्या की. लांबून दिसली पायजेत."

"कुणाला?"

बिरप्पानं खाली मान घालून विचारलं, "लांबी किती धरायची?"

"नेहमीपेक्षा वीतभर जास्त धर," हुसेनसाब म्हणाले. "पोरगं उंच हाय."

'हाय' म्हणाले. दोघांनाही ऐकू आलं. माग चालू असला की बरं असतं. न ऐकल्यासारखं करता येतं.

चादर घडी करून त्यांनी आपल्या पिशवीच्या तळाला घातली आणि वर चार कपडे रचले. कमरबीनं तिच्या पिशवीत ताबीशचे दोन शर्ट, एक पँट आणि स्वेटर भरला. खाडीवर हवा गार असते म्हणे. इतके दिवस पोरगं कशावर राहिलं असेल. हुसेनसाबांनी तिची पिशवी पाहिली. तिनं त्यांची पाहिली. एसटीनं ती दोघं कोल्हापूरला गेली, तिथून घाट उतरून खाली. अख्ख्या प्रवासात बोलणं झालं ते एवढंच, की भाकरी आत्ता खायची का पुढं गेल्यावर.

धक्क्यावर आदिनाथ उभा होता. सोलापूरजवळच्या मोहोळचा पोरगा, वनस्पतिशास्त्र शिकलेला, बोटीवर पाहुण्यांना झाडं आणि पक्षी दाखवायचं काम करणारा. ताबीश आणि तो एकाच खोलीत राहायचे. त्यानं पुढं येऊन दोघांच्या पिशव्या उचलल्या. कमरबीच्या खांद्याला पानाचा बटवा होता, तोही काढून घेतला.

"जेवतो का रे येळंवर?" कमरबीनं विचारलं.

"व्हय चाची."

"दिसत न्हाय जेवल्यावानी."

बोटीवर पहिल्यांदा सगळ्यांना नारळपाणी दिलं, मग जीव कसा वाचवायचा ते दाखवलं. केशरी जाकिटं घालून वीस माणसं एका रांगेत उभी राहिली आणि एकमेकांचे फोटो काढू लागली. जाकीट घातलं की माणूस बुडत नाही, असं मॅनेजर हसतमुखानं सांगत होता. हुसेनसाबांनी आपल्या जाकिटाची शिवण बोटानं तपासली. शिवण चांगली होती. दोन वर्षांपूर्वी भाजीच्या होडीत अशी जाकिटं होती का, हे विचारावंसं वाटलं, पण बाकीचे सुट्टीवर होते.

संध्याकाळी बोट खाडीत शिरून थांबली. दोन्ही तीरांना तिवरांचं रान होतं, दाट, पाण्यातच उभं असल्यासारखं. कमरबी कठड्याजवळच्या खुर्चीवर बसली. बसता बसता तिच्या लक्षात आलं, की पाणी चढतंय.

"आदिनाथ, ए आदिनाथ. पाणी आलं की रे."

"भरती हाय, चाची."

"किती दिवसानं येतं हितं?"

आदिनाथला हसू आलं. सोलापूरच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे मोहोळच्या माणसाला सांगावं लागत नाही. "दिवसातनं दोनदा, चाची. दोनदा येतं, दोनदा जातं. रोज पाऊण तास पुढं सरकतं."

"अगं बया. दोनदा?"

सोलापूरच्या बाईला पाणी कधी येणार एवढं कळलं, की बाकीचं सगळं ती आपोआप लावून घेते. स्वयंपाक, धुणं, झोप, पाहुणे, नमाज, सगळं त्याच्या मागं-पुढं बसवायची तिला चाळीस वर्षांची सवय असते. कमरबीनं त्या संध्याकाळी बोटांवर काहीतरी मोजलं आणि खुर्ची जरा पुढं सरकवली. तेव्हापासून ती तिथून हलेना. जेवायला उठायची, नमाजाला उठायची, भटारखान्यात डोकावून यायची, आणि पुन्हा तिथंच. मध्येच पहाटे हुसेनसाबांना जाग आली, तर शेजारची गादी रिकामी. समुद्राची हवा मानवली हिला, त्यांना वाटलं. फोन तिच्या मांडीवर असायचा. पण तिनं तो लावला नाही. इथं रेंज नाही म्हणून, असं त्यांनी धरून चाललं.

दुसऱ्या दिवशी बागा होत्या. बाकीचे सगळे पाहुणे होड्यांतून किनाऱ्याला गेले. कमरबी म्हणाली, "तुमी या जाऊन." हुसेनसाब गेले, कारण फुकटच्या तिकिटावर आलेल्या माणसानं बसून राहणं बरं दिसत नाही. बाग खरोखर देखणी होती. सुपारीवर मिरीचे वेल, दालचिनी, जायफळ, खाली ओली गार सावली. असली सावली सोलापुरात फक्त कारखान्याच्या गोदामात असते. माहिती सांगणारा प्रत्येक झाडाचं पान चुरगळून वास घ्यायला देत होता, आणि लोक वास घेऊन "अय्या, खरंच!" म्हणत होते. दालचिनीला दालचिनीचाच वास येतो, याचं अठरा माणसांना एकदम आश्चर्य वाटलं.

पुण्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर हुसेनसाबांच्या बरोबर चालत होते. गळ्यात दुर्बीण. माणूस चांगला होता. फक्त गप्प राहणं त्याला शिष्टाचाराला धरून वाटत नव्हतं.

"तुम्ही पक्ष्यांसाठी आलात की झाडांसाठी?"

"झाडांसाठी."

"वा. कुठल्या विशेष?"

"असतील त्या."

"मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एक मुलगा."

"कुठं असतो?"

हुसेनसाब पायाखालचं बघत चालले. "बोटीवर."

"मर्चंट नेव्ही! छान, छान. फार लांब लांब राहावं लागतं मात्र."

"व्हय," हुसेनसाब म्हणाले. "लांब हाय."

परतताना बोटीच्या मॅनेजरनं त्यांना हळूच बाजूला घेतलं आणि कुंपणापाशी नेलं. तिथं एक जायफळाचं रोप लावलं होतं. ठिबकची नळी होती, खत होतं, आणि एक पितळी पाटी होती. पाटीवर कंपनीचं चिन्ह, त्याखाली कंपनीचं नाव, त्याखाली लहान अक्षरांत 'एका प्रिय सहकाऱ्याच्या स्मरणार्थ'.

"नाव न्हाय," हुसेनसाब म्हणाले.

"नाव टाकलं की गेस्ट विचारतात ना, काका."

हुसेनसाबांनी रोपाकडं पाहिलं. तजेलदार होतं. त्याची काही चूक नव्हती. खाली वाकून त्यांनी एक वाळकं पान काढलं आणि खिशात ठेवलं. चादर इथंच घालावी, असं क्षणभर मनात आलं. जागा कोरडी होती, सपाट होती. पण पोरगं इथं नव्हतं. एवढं तर त्यांनाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथनं डेकवर सगळ्यांना तिवरांची माहिती दिली. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं खालून वर येतात. ओहोटीला ती उघडी पडली की झाड त्यांतून श्वास घेतं. "ही झाडाची नाकं आहेत म्हणा ना. त्यामुळं इथं कुणी घोरताना ऐकलंत, तर शेजाऱ्यावर संशय घेऊ नका." हा विनोद तो दर फेरीला करत असणार, कारण हसण्यासाठी किती थांबायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. लोक हसले. लोक हसले म्हणून हुसेनसाबही हसले. कमरबी हसली नाही. ती कठड्याशी होती, पण कान इकडं असावा.

दुपारच्या जेवणात सोलकढी आणि तळलेली मासळी होती. त्यानंतर पाहुणे आपापल्या खोल्यांत आडवे झाले. आदिनाथ म्हणाला, "चाचा, ओहोटी लागलीय. आत्ता जाता येईल." हुसेनसाबांनी पिशवी घेतली. कमरबी येणार नाही असं धरून ते होडीत उतरले, तर ती मागून येऊन बसली. एका हातानं होडीची कड घट्ट धरून, सरळ समोर बघत.

होडी खाडीच्या एका अरुंद फाट्यात शिरली. दोन्हीकडून फांद्या वाकलेल्या, इंजिनाचा आवाज तेवढा मोठा. एका वळणावर आदिनाथनं इंजिन बंद केलं, आणि एकदम इतकं शांत झालं, की चिखलात फुटणारे बुडबुडे ऐकू आले.

"होडी जरा पुढं उलटली, चाचा. पण तितं उतरता येत न्हाय, लई खोल चिखल हाय. हितं येतं."

पाणी पार मागं गेलं होतं. काळा, चकाकता चिखल दूरवर उघडा पडला होता आणि त्यातून तिवराची मुळं वर आली होती. बोटाएवढी, वीतभर, हजारोंनी, सरळ उभी. नुसत्या खुंट्या रोवून ठेवल्यात आणि सूत लावायचं राहून गेलंय, असं हुसेनसाबांना वाटलं.

त्यांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि उतरले. पोटऱ्या चिखलात गेल्या. कपडे बाजूला सारून चादर बाहेर काढली, घडी उलगडली, झटकली आणि त्या मुळांवर हळूच अंथरली. कडा ओढून सरळ केल्या. एक कोपरा तिरका जात होता, तो नीट केला. डिझाइन डावीकडं किंचित सरकलं होतं. चाळीस वर्षांच्या हाताला ते चालेना, तेही नीट केलं. मग झालेलं काम जसं जरा लांबून बघतात, तसे ते दोन पावलं मागं आले.

चादर जमिनीला टेकलीच नव्हती. ती मुळांच्या टोकांवर वरच्यावर राहिली होती. एका बाजूला मुळं जास्त उंच होती, तिथं ती उचलली गेली होती. पुढं उतरत जाऊन शेवटी पुन्हा थोडी वर आली होती. डोकं, छाती, पावलं. एक उंच, सडपातळ माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला होता. भर उन्हाळ्यातसुद्धा ताबीश तसाच झोपायचा. गुदमरून मरशील, असं कमरबी त्याला हजार वेळा म्हणाली असेल.

"काढा ते!"

कमरबी होडीतून उतरली होती. तिचा एक पाय चिखलात रुतला, चप्पल आतच राहिली, तिनं ती तशीच सोडली.

"कमर, हे बघ—"

"काढा म्हणते ना! नक्को, नक्को, काढा ते!"

तिनं चादरीचा एक कोपरा धरून ओढला. सूत मुळांत अडकलं. कापड एका अंगानं ओढलं गेलं की दुसरं अंग धरायचं, हे हुसेनसाबांच्या हातांनी त्यांना न विचारताच केलं. दोन म्हातारी माणसं गुडघाभर चिखलात एक चादर दोन्हीकडून ओढत उभी राहिली.

"फाटंल," हुसेनसाब म्हणाले.

दोन वर्षांनी, पोराच्या जागेवर उभं राहून, आपल्या तोंडातून हा शब्द निघाला याची त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून संताप आला.

"दोन वर्षं, कमर! दोन वर्षं तुझ्या म्हणण्यानं चाललो मी. लोकांना चहा पाजला. थाळी मांडू दिली. अजून किती दिवस म्हणायचं, तो येतोय?"

"कोण म्हणतंय येतोय?" कमरबी म्हणाली.

हुसेनसाबांच्या हातातलं टोक सैल पडलं.

"मी काय वारा खात बसले व्हते तितं, तुमाला वाटलं?" तिला धाप लागली होती. "पाणी जातंय की न्हाय, तवा सगळं उघडं पडतंय. खेकडे दिसले. शिंपले दिसले. कुणाची तरी फाटकी चप्पल दिसली, बाटली दिसली. परत पाणी आलं, परत गेलं. एक बी बारी सोडली न्हाय मी. पहाटंची बी न्हाय. दाखवा, दाखवा म्हणत व्हते न्हवं मी सगळ्यांना? ही खाडी रोज दोनदा दाखवती. बघितलं मी सगळं. न्हाय तो." तिनं चिखलाकडं बोट केलं. "हितंच हाय, आन् दिसायचा न्हाय."

आदिनाथ होडीत पाठ फिरवून बसला होता.

"कपडे त्याचे काल दिले त्या नव्या खानसाम्याला," ती म्हणाली. "शर्ट बसला. पँट लांब झाली."

"मग चादर का काढतीस?" हुसेनसाबांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "त्याच्यासाठीच विणली की."

"नाकं हायेत ती झाडाची. सकाळी ह्या पोरानं सांगितलं तवा तुमी हसलात. पाण्यात दम कोंडून गेलं माझं लेकरू. आता ह्यांचा बी कोंडता?"

हुसेनसाब खाली वाकले. एकेका मुळावरून सूत सोडवत त्यांनी चादर उचलली. एकही धागा तुटू दिला नाही, आणि एकही मूळ. ती कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून खांद्यावर टाकली. खालून मुळं पुन्हा उघडी झाली, होती तशी.

"उचला हात," कमरबी म्हणाली.

तिनं आपले हात आधी उचलले. हुसेनसाबांनी उचलले. मशिदीत न निघालेले शब्द या वेळी निघाले, पण अर्ध्यावर येऊन पुन्हा थांबले. तेव्हा पुढचं कमरबीनं पढलं. तिचा आवाज सुरुवातीला चांगला खणखणीत होता. 'ताबीश वल्द हुसेन' म्हणताना तो फुटला, आणि मग ती रडायला लागली. मोहल्ल्यातल्या चार बायकांना जमलं नव्हतं तसं, तोंड उघडं टाकून, कुणाला ऐकू जाईल याचा विचार न करता. हुसेनसाबांनी तिचा दंड धरला. चिखलात दोघांनाही नीट उभं राहता येत नव्हतं, त्यामुळं कोण कुणाला धरून होतं हे सांगणं अवघड होतं. होडीत आदिनाथनं आधी हात जोडले, मग चुकलं वाटून दोघांकडं बघत तळवे उघडे केले.

पाणी केव्हा वळलं ते कळलं नाही. आधी ते चिखलातल्या खाचांमधून आलं, मग घोट्यांना लागलं. बुटकी मुळं बुडाली.

"चाची," आदिनाथ हलकेच म्हणाला, "भरतंय."

होडीत चढताना खांद्यावरची चादर घसरून पाण्यात पडली. आदिनाथनं ती ओढून घेतली तेव्हा ती चिखलानं आणि खाऱ्या पाण्यानं इतकी जड झाली होती, की होडी एका बाजूला कलली.

बोटीवर पाहुणे चहाला जमले होते. पायांपासून कमरेपर्यंत चिखलानं माखलेली ती दोघं डेकवर चढली, तेव्हा बँकेचे निवृत्त मॅनेजर हसत पुढं आले. "काय हो, घसरलात की काय?" मग त्यांनी कमरबीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला.

बोटीचा मॅनेजर लगबगीनं मध्ये शिरला. "काका, द्या ती चादर इकडं. लॉन्ड्रीत टाकतो. काकू, तुम्ही जरा आत जाऊन फ्रेश..."

"पोराची हाय," हुसेनसाब म्हणाले. मॅनेजरला नव्हे, सगळ्यांनाच. मोठ्यानंही नव्हे, पण डेक लहान होता. "आमचा पोरगा ह्या बोटीवर स्वयंपाक करायचा. ताबीश नाव त्याचं. दोन वर्षांमागं हितं खाडीत गेला."

मॅनेजर समोरच्या झाडांकडं बघू लागला. तिकडं पक्षी नव्हते. बँकेच्या मॅनेजरांनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून उभे राहिले. कुणी फोटो काढला नाही. सुट्टी थोडा वेळ थांबली.

कमरबीनं चादरीचं एक टोक उचललं. ओली सोलापुरी चादर एकट्या माणसाच्यानं पिळत नाही. आदिनाथ दुसरं टोक धरायला पुढं झाला.

"तू सोड," ती म्हणाली. "ह्यांना धरू दे."

हुसेनसाबांनी टोक धरलं. दोघं डेकच्या दोन बाजूंना गेली, चादर मध्ये ताणली गेली, आणि दोघांनी पीळ द्यायला सुरुवात केली. पण पाणी निघेना. चादर नुसतीच गोल गोल फिरत राहिली.

"मी फिरवते तिकडंच काय फिरवताय?" कमरबी नाक ओढत म्हणाली. "दुसऱ्या अंगानं फिरवा की. चाळीस वर्षं चादरी केल्या न्हवं?"

"केल्या. धुतल्या कुटं?"

"ते दिसतंयच."

हुसेनसाबांनी मनगटं दुसऱ्या अंगानं वळवली. चादरीला घट्ट पीळ बसला. आधी चार थेंब पडले, मग एकदम काळ्या पाण्याची धार सुटली आणि लख्ख पुसलेल्या डेकवरून वाहत मॅनेजरच्या बुटांपर्यंत गेली. हुसेनसाब थांबले.

"अजून हाय पाणी," कमरबी म्हणाली. "पिळा."